तबकडीवरचे नाव

श्रावण निम्मा सरला की मुंबई-ठाण्याच्या नाक्यानाक्यांवर बांबूचे मांडव उभे राहतात, त्यांवर ताडपत्री चढते आणि दर्शनी बाजूला एक फलक लागतो. फलकावरचा मजकूर ठरलेला असतो : ‘पेणच्या सुबक गणेशमूर्ती येथे मिळतील.’ मांडवाचा मालक लालबागचा असो की डोंबिवलीचा, मूर्ती शाडूची असो की प्लास्टरची, ‘पेण’ ही दोन अक्षरे वाचल्याखेरीज गिऱ्हाइकाचे पाऊल आत वळत नाही. आता गंमत पाहा. या मूर्तींपैकी कितीतरी मूर्तींनी पेण शहराची वेस कधी पाहिलेलीच नसते. मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने खारपाड्याचा पूल ओलांडून पेणकडे निघाले, की शहर येण्याआधीच हमरापूरचा फाटा लागतो. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही त्या भागातली भातशेतीची गावे. पण घराची पडवी पाहावी तो तिथे पांढऱ्याशुभ्र सोंडा वाळत पडलेल्या. अंगणातल्या पत्र्याखाली ओळीने मांडलेले, अजून रंग न चढलेले शेकडो गजानन. लाखो मूर्ती या गावांतून दरसाल बाहेर पडतात. त्यांतल्या पुष्कळशा कच्च्याच, म्हणजे रंगाविना, ट्रकांत बसून शहरांकडे जातात आणि तिथल्या मांडवात रंग लेऊन ‘पेणच्या’ होतात. जोहे हे नाव फलकावर कुणी लिहीत नाही.

हे मनात घोळत असताना मला आठवण झाली ती स्वित्झर्लंडच्या घड्याळांची. वाचकांस हे विषयांतर वाटेल. परंतु मनगटावरचे घड्याळ काढून तबकडीकडे नीट पाहावे. बाराच्या आकड्याखाली एक नाव असते. ते नाव घड्याळ करणाऱ्या कारागिराचे नसते. पुष्कळदा ते ज्या गावात झाले त्या गावाचेही नसते. तरी साऱ्या घड्याळाची किंमत त्या चार-सहा अक्षरांत साठवलेली असते. घड्याळाच्या जाहिराती ज्यांनी बारकाईने पाहिल्या असतील त्यांच्या ध्यानात आले असेल, की चित्रातल्या घड्याळात नेहमी दहा वाजून दहा मिनिटे झालेली असतात. याचे मोठे कारण एवढेच, की काटे तसे ठेवले म्हणजे ते दोन्ही हात उभारल्यासारखे दिसतात आणि त्यांच्या मधोमध कंपनीचे नाव मोकळे राहते. वेळ दाखवणाऱ्या यंत्राने नावासाठी वेळ बाजूला सारली! ही सत्ता नावाला मिळाली कशी, हा मोठा मनोरंजक इतिहास आहे, आणि त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे.

आपल्याकडे काळ मोजायला घटिकापात्र होते. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाशी छिद्र असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून जोशीबुवा तिच्यावर डोळा ठेवून बसत. त्या वाटीवर कुणी तांबटाने आपले नाव कोरल्याचे मी तरी पाहिलेले नाही. पुढे इंग्रजांबरोबर भिंतीवरची आणि खिशातली घड्याळे आली, आगगाडी आली, गिरणीचा भोंगा आला. १८७८ साली मुंबईत राजाबाई टॉवर उभा राहिला. प्रेमचंद रायचंदांनी त्याला पैसा दिला आणि आपल्या आईचे नाव दिले. मुंबईच्या घड्याळांच्या इतिहासात नावाची महती अशी अगदी आरंभापासून आहे. त्या काळी मुंबईची वेळही निराळी होती. १९०६ पासून देशभर एकच प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईकरांनी आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ कित्येक वर्षे सोडली नाही.

या शहरात घड्याळाला गिऱ्हाईक आहे हे स्विस व्यापाऱ्यांनी फार लवकर ओळखले. ल लोक्ल या डोंगरी गावातल्या फाव्र-लुबा या जुन्या घराण्यातला फ्रिट्झ फाव्र १८६५ साली हिंदुस्थानात आला आणि मुंबईत पेढी घातली. या कंपनीची ‘सी-चीफ’ आणि ‘सी-किंग’ ही घड्याळे पुढे मराठी मध्यमवर्गाच्या इतकी अंगवळणी पडली, की ‘फेवरलुबा’ हा शब्द आपल्याला कुणा आत्याबाईंच्या नावासारखा घरचा वाटू लागला. परंतु नावाच्या दृष्टीने याहून नवलाची गोष्ट ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ची.

ही घड्याळे सेंट इमिए या स्विस गावाकडची. १८८० नंतरच्या दशकात ती हिंदुस्थानच्या बाजारात उतरली आणि मुंबई व कलकत्ता येथे कंपनीची ठाणी झाली. आता घड्याळ स्विस, बाजार हिंदी, मग नाव काय असावे? ‘वेस्ट एंड’ हा लंडनमधला उमरावांचा आणि उंची दुकानांचा भाग. राज्य इंग्रजांचे होते. प्रतिष्ठा म्हणजे लंडन. तेव्हा स्विस व्यापाऱ्याने लंडनच्या मोहल्ल्याचे नाव तबकडीवर चढवले. त्याच्या जोडीला मॉडेलला दुसरे नाव दिले ते ‘क्वीन अ‍ॅन’, आणि तिसरे त्याहून चतुर – ‘सोवार’. हा आपला साधा ‘स्वार’, घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढायला गेल्या तेव्हा ही घड्याळे शिपायांच्या आणि अंमलदारांच्या अंगावर गेली. पलटणीतून घरी आलेल्या माणसाच्या मनगटावर ‘सोवार’ असले म्हणजे गावात त्याचा रुबाब काय वर्णावा! एका तबकडीवर राणी, लंडन आणि घोडेस्वार अशी तीन प्रकारची इभ्रत एकत्र आली होती, आणि ज्या स्विस खोऱ्यातल्या माणसांनी ते घड्याळ जुळवले त्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. मुंबईच्या गिऱ्हाइकाला सेंट इमिएशी कर्तव्य नव्हते.

ती माणसे होती तरी कोण? ज्यूरा नावाची डोंगरांची रांग फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर आहे. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फ पडते, शेती थांबते. त्या रिकाम्या दिवसांत शेतकऱ्यांनी खिडकीशी बाक मांडून घड्याळाचे सुटे भाग करायला आरंभ केला. एका घरात दातेरी चाके, दुसऱ्यात काटे, तिसऱ्यात तबकड्या, आणखी कुठे नुसते स्क्रू. व्यापारी घरोघर फिरून हे भाग गोळा करी, जुळवून घेई आणि शहरात नेई. कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथात श्रमविभागणीचा मासला म्हणून घड्याळाच्या धंद्याची भली मोठी यादी दिली आहे. ती वाचताना दम लागतो. इतक्या हातांनी केलेले घड्याळ बाजारात जाताना ‘जिनिव्हा’ हे नाव लावून जाई, कारण जिनिव्हा हे जुने, श्रीमंत, नावाजलेले शहर. हा प्रकार इतका माजला की १८८६ साली जिनिव्हा सरकारला कायदा करून आपल्या हद्दीत झालेल्या घड्याळांवर राजमुद्रा ठोकण्याची व्यवस्था करावी लागली.

जोहे येथील कारखान्यात उभे राहिले की ही श्रमविभागणी जशीच्या तशी दिसते. एकजण रबरी साच्यात प्लास्टर ओततो, काथ्या घालतो. दुसरा हात-सोंड जोडतो. मग खडबडीत अंग घासून गुळगुळीत करायचे, आणि हे काम बहुतेक घरच्या बायाबापड्या करतात. मग पांढरा हात, मग अंगरंग, पीतांबर, दागिने. अखेरीस डोळ्यांची आखणी. ते काम कुणालाही देत नाहीत. मूर्तीची नजर गिऱ्हाइकाकडे लागली पाहिजे. ती जराशी चुकली तर बाकीची सारी मेहनत पाण्यात. आखणीत हात बसलेल्या माणसाला श्रावणात जेवायला फुरसत नसते. त्याचे नाव त्या चार गावांत सर्वांना ठाऊक असते; मुंबईच्या मांडवात ते कुणालाही ठाऊक नसते.

घड्याळाच्या धंद्यात हे चित्र पालटले ते एका माणसाच्या हट्टाने. हान्स विल्सडॉर्फ हा बव्हेरियातला, १८८१ साली जन्मलेला पोरका मुलगा. तो १९०३ साली लंडनला आला आणि १९०५ पासून भागीदारीत स्विस घड्याळे विकू लागला. त्या काळच्या इंग्लंडात तबकडीवर नाव असे ते दुकानदाराचे. गिऱ्हाइकाचा विश्वास दुकानावर. घड्याळ कुणी केले याची चौकशी करण्याचे त्याला कारण नव्हते. विल्सडॉर्फने १९०८ साली एक अर्थहीन शब्द नोंदवून घेतला : रोलेक्स. कोणत्याही भाषेत उच्चारता यावा, ध्यानात राहावा आणि तबकडीवर मावावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. पण दुकानदार ते नाव लावू देईनात. तेव्हा त्याने शक्कल काढली. सहा घड्याळांच्या पेटीत एका घड्याळावर ‘रोलेक्स’ छापायचे, पाच कोरी ठेवायची. दुकानदाराने एकाकडे काणाडोळा केला. काही काळाने सहांत दोन, मग तीन. हा खेळ तो वर्षानुवर्षे धीराने खेळला. पण दुकानदाराला वळवायचे तर गिऱ्हाइकानेच ते नाव तोंडाने मागायला हवे, हे त्याला कळून चुकले; आणि त्यासाठी त्याने जाहिरातीवर पैसा ओतायला सुरुवात केली.

१९२६ साली त्याने पाणी आत न शिरणारे ‘ऑयस्टर’ घड्याळ काढले. गिऱ्हाइकाला ते पटवायचे कसे? त्याच सुमारास मर्सिडीझ ग्लाइट्झ नावाच्या लंडनमधल्या एका टंकलेखिकेने इंग्लिश खाडी पोहून पार केली. ७ ऑक्टोबर १९२७ ची ही गोष्ट. पण थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका बाईने त्याहून कमी वेळात खाडी ओलांडल्याची बतावणी केली, ती खोटी निघाली, आणि लोक ग्लाइट्झबाईंकडेही संशयाने पाहू लागले. बिचारीने पुन्हा पोहून दाखवण्याचे ठरवले. २१ ऑक्टोबरला ती गारठलेल्या पाण्यात उतरली तेव्हा तिच्या गळ्यात एक ऑयस्टर घड्याळ अडकवलेले होते. दहा तासांहून अधिक काळ ती पोहली, आणि अखेर अर्धवट शुद्धीत तिला पाण्याबाहेर काढावे लागले. ती पैलतीराला पोहोचली नाही. घड्याळ मात्र चालू होते. २४ नोव्हेंबरच्या ‘डेली मेल’चे पहिले पान विल्सडॉर्फने विकत घेतले आणि घड्याळाच्या विजयाची द्वाही फिरवली. बाई हरली होती, तरी जाहिरात जिंकली. त्या पानावर खोटे असे काही छापलेले नव्हते हेही सांगितले पाहिजे. फक्त कोणती गोष्ट मोठ्या टाइपात घालायची आणि कोणती गाळायची, हे ठरवणारा हात जाणता होता. पुढे दुकानांच्या काचेआड पाण्याच्या हंडीत मासे आणि त्यांच्यामध्ये टिकटिकणारे ऑयस्टर असा देखावा मांडला जाई. लोक थांबून पाहत. सहांतली सहाही घड्याळे नाव घेऊन मिरवू लागली.

एकदा ही युक्ती गवसल्यावर पुढची सारी घड्याळे डोंगर चढू लागली, समुद्रतळाशी जाऊ लागली. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. रोलेक्सने त्याची जाहिरात केली, आणि स्मिथ्स या इंग्रजी कंपनीनेही केली. एका शिखरावर दोन घड्याळे भांडत बसली. १९६९ च्या जुलैत ओमेगा चंद्रावर गेले. आपली फेवरलुबाही मागे नव्हती; १९६२ साली तिने उंची सांगणारे मनगटी घड्याळ काढले. ज्याला सकाळी ८-१२ ची लोकल पकडायची आहे त्या गिरगावातल्या कारकुनाला समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन काय करायचे होते, असे कुणी विचारील. पण मोलाची वस्तू घेताना माणूस आपल्या गरजेचे माप घेऊन जातो, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

जाहिरातीविषयी आपल्या लोकांत एक प्रकारची अढी आहे. चांगल्या मालाला जाहिरात कशाला हवी, असे आपण म्हणतो. हे म्हणताना आपण विसरतो की मराठी वाङ्मयाचा एक मोठा ओघ जाहिरातीच्या पोटातून आला आहे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली निघाला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. १९२० साली कारखान्याची माहिती देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे पाहता पाहता महाराष्ट्रातले एक अग्रगण्य मासिक झाले. खुद्द दिवाळी अंकाची प्रथा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून धरतात, आणि तेव्हापासून आजपर्यंत संपादकाचे दिवाळे वाजू न देण्याचे पुण्य जाहिरातदारांच्याच खाती आहे. तेव्हा जाहिरात ही थट्टेने उडवून लावण्याची गोष्ट नव्हे. प्रश्न इतकाच, की तिने वाढवलेली किंमत कुणाच्या घरी जाते.

मराठी घरात घड्याळाची प्रतिष्ठा जाहिरातीइतकीच लग्नमांडवाने वाढवली. सायकल, रिस्टवॉच आणि पुढे ट्रान्झिस्टर हे जावईबापूंच्या हट्टाचे त्रिकूट होते. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले, आणि त्यांनी जे केले ते कोणत्याही जाहिरातीला साधले नसते. जे मिळत नाही ते उत्तम, हे सर्वांनी गृहीत धरले. ‘फॉरेनचे’ हा मराठी शब्द त्याच काळात रुळला. कोकणच्या खाड्यांत रात्री चोरटा माल उतरे, त्यात सोन्याबरोबर घड्याळेही असत. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात देशी घड्याळे होऊ लागली. हुंड्यात ‘एचएमटी’ मागण्याची सोय सरकारने एकाच वर्षात करून ठेवली आणि बंदीही केली, असा हा योग. ‘जनता’, ‘सोना’, ‘पायलट’, ‘कांचन’ ही नावे ज्यांच्या घरात लाकडी कपाटात अजून जपून ठेवलेली असतील त्यांना अधिक सांगणे नको. टाटा आणि तामिळनाडू सरकार यांच्या भागीदारीने १९८४ साली टायटन निघाली. तिने मोझार्टची एक सुरावट उचलली आणि घड्याळ ही भेट देण्याची वस्तू आहे हे घराघरांत शिकवले. एचएमटीला ती सुरावट कधी सापडली नाही. तिची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला.

पण खरी उलथापालथ त्याआधीच झाली होती. १९६९ च्या नाताळाच्या दिवशी टोकियोत सेइको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीला ठेवले. ते पहिले घड्याळ महाग होते, पण काही वर्षांत ही विद्या इतकी स्वस्त झाली की रस्त्यावरच्या टोपलीतले घड्याळ जिनिव्हाच्या उत्तमोत्तम यंत्रापेक्षा अचूक वेळ दाखवू लागले. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात १९७० च्या सुमारास ९०,००० माणसे होती. ऐंशीच्या दशकाअखेर ती तिसऱ्या हिश्श्यावर आली. ज्यूराच्या खोऱ्यांत कारखान्यांना कुलपे लागली. दोनशे वर्षे ज्या अचूकपणाची फुशारकी मारली तो अचूकपणा आता कवडीमोल झाला होता.

त्या अडचणीतून स्विस घड्याळे तगली ती दोन वाटांनी. एक स्वस्ताईची, १९८३ च्या प्लास्टिकच्या ‘स्वॉच’ची. दुसरी वाट निव्वळ शब्दांची. ज्यां-क्लोद बिव्हेर आणि त्यांचे एक भागीदार यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ब्लाँपां नावाच्या बंद पडलेल्या घड्याळघराण्याचे नुसते नाव विकत घेतले. किंमत सुमारे २२,००० फ्रँक. कारखाना नाही, माल नाही. मग त्यांनी जाहिरात केली, की आमच्या घरात १७३५ पासून क्वार्ट्झचे घड्याळ कधी झाले नाही आणि पुढेही होणार नाही. क्वार्ट्झ घड्याळ १९६९ पर्यंत जन्मालाच आले नव्हते, आणि त्यानंतर हे घर बहुतेक काळ निजलेलेच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रतिज्ञेची मौज कळते. आजीबाईने आपण आयुष्यात कधी विमानातून उडी मारली नाही असे अभिमानाने सांगावे तसे हे झाले. पण त्यामुळे जो दोष ठरला होता तो – हाताने किल्ली देणे, रोज थोडे पुढेमागे होणे – गुण ठरला. दहाएक वर्षांनी ते नाव आणि त्याभोवती उभा केलेला धंदा ६ कोटी फ्रँकांच्या आसपास विकला गेला.

याच्याही पुढची पायरी पाटेक फिलीप या जिनिव्हाच्या कंपनीने गाठली. १९९६ पासून तिच्या जाहिरातींत घड्याळापेक्षा बापलेक मोठे दिसतात. सांगणे असे, की हे घड्याळ तुमच्या मालकीचे नसतेच. तुम्ही फक्त पुढल्या पिढीसाठी ते सांभाळता. लाखो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूविषयी ‘ती तुमची नव्हे’ असे गिऱ्हाइकाला सांगायचे आणि त्याने ते ऐकून सद्गदित व्हायचे, ही कला थोर खरी. आपल्याकडे वडिलोपार्जित वस्तू आधी असते आणि तिचे कौतुक मागून येते. इथे कौतुक आधी विकले, वारसा मागून यायचा आहे.

आता पुन्हा खारपाडा ओलांडून जोहे गावाकडे यावे, कारण जे क्वार्ट्झने ज्यूरात केले त्याच्या जवळपासचे काही प्लास्टरने पेणमध्ये केले आहे. पेणची मूळ कीर्ती शाडूच्या मूर्तीची. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ पासून फोफावला आणि मुंबईची मागणी वाढत गेली. शाडूची मूर्ती जड, नाजूक, वाळायला दिवसच्या दिवस घेणारी. पावसाळी हवेत कारागिराचा जीव टांगणीला. प्लास्टर आले ते काही मिनिटांत घट्ट होणारे, हलके आणि प्रवासात सहसा न मोडणारे. पेणच्या जुन्या कारखान्यांत शिकलेले हात आपापल्या गावी गेले, साचे घेऊन बसले, आणि खाडीकाठच्या गावांत घरोघर धंदा झाला. ज्या घरात भाताचे एक पीक निघे तिथे मुलांची शिक्षणे झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. कोणी प्लास्टरला नाक मुरडावे, पण ही गोष्ट नाकारू नये.

मग पाण्याचा प्रश्न आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्ती नकोत अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या काटेकोर पाळण्याचा आदेश दिला, तेव्हा साच्यांतून निघालेल्या मूर्तींनी भरलेल्या जोहे-हमरापूरच्या कारखान्यांत काय अवस्था झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. जूनमध्ये मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक मिळाली. नैसर्गिक पाण्यातले विसर्जन मात्र अडवले गेले, आणि जुलैत फक्त उंच मूर्तींपुरती त्या वर्षासाठी सवलत निघाली. तीन-चार महिने शेकडो घरांचा वर्षाचा घास तारखांवर तारखा मोजत होता.

या धामधुमीत एक गोष्ट घडते आहे ती ध्यानात घेण्याजोगी आहे. शहरात शाडूच्या मूर्तीला नवी प्रतिष्ठा आली आहे. जी मूर्ती जड आणि ठिसूळ म्हणून मागे पडली होती, तीच आता ‘पारंपरिक’, ‘पर्यावरणपूरक’ अशी विशेषणे लावून चढ्या भावाने विकली जाते. दोष गुण ठरण्याची ही तीच किमया आहे जी ब्लाँपांने केली. आणि इथे तर शब्दांना सत्याचाही पाया आहे, कारण शाडू पाण्यात खरोखरच विरघळतो. परंतु हे शब्द लिहितो कोण? ते शहरातला विक्रेता लिहितो, देखणी पत्रके काढतो, मूर्तीला पुठ्ठ्याची सुरेख पेटी करतो. पेटीवर नाव असते त्याच्या दुकानाचे. विल्सडॉर्फच्या आधीच्या लंडनमध्ये घड्याळांचे जे चालले होते, तेच हे. जोहे येथील कारागिराला मूर्तीमागे मिळायचे ते मिळते, आणि मधला फरक पाटीवरच्या अक्षरांना मिळतो.

यावर कुणी म्हणेल की देवाच्या मूर्तीवर कारागिराने आपले नाव घालणे शोभत नाही. मलाही ते पटते. दीड दिवसांनी किंवा अकराव्या दिवशी जी पाण्यात जायची तिच्या पाठीवर शिक्का कशाला? पाटेकचे घड्याळ मुलाला देता येते, गणपती कुणाला ठेवता येत नाही. त्याची कीर्ती दरवर्षी नव्याने कमवावी लागते. तरीही कोकणात वारसा आहेच, फक्त तो वस्तूचा नसून वहिवाटीचा आहे. कितीतरी घरांत आजोबांनी ज्या कारखान्यात पाट नेऊन ठेवला तिथेच नातूही ठेवतो. मूर्तिकाराचा मुलगा विचारीत नाही, सोंड कशी हवी, पितांबराचा रंग कोणता. त्याला ते ठाऊक असते. चतुर्थीच्या आधी अशा कारखान्यात गेले तर भिंतीशी पाटांची चळत दिसते. प्रत्येक पाटावर खडूने नाव घातलेले – गिऱ्हाइकाचे. करणाऱ्याचे नाव तिथेही नाही, पण तिथे त्याची गरज नसते. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते येते.

अडचण आहे ती मांडवातल्या गिऱ्हाइकाची, ज्याला पाट ठेवायला कारखाना नाही आणि ज्याच्याजवळ फक्त फलक वाचण्याइतका वेळ आहे. त्याला ‘पेण’ पुरते, आणि पेणवाल्यांनी ते नाव शंभर वर्षे राबून मिळवले आहे. ते काढा असे कुणी म्हणणार नाही. परंतु स्वित्झर्लंडात नुसत्या ‘जिनिव्हा’वर भागले नाही. १९७१ पासून तिथे ‘स्विस’ हा शब्द तबकडीवर केव्हा लिहावा याचे नियम आहेत, आणि २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च त्या देशात झाल्याखेरीज तो लिहिता येत नाही. तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, भिंगाने वाचावा लागेल एवढा तो शब्द बारीक असतो.

जोहे ही तर मराठीत दोनच अक्षरे आहेत. फलक रंगवणाऱ्याने ‘पेण’च्या आधी ती घातली – ‘जोहे, ता. पेण’ – तर कापड वाया जाणार नाही आणि रंगही फारसा जास्त लागणार नाही. पुढल्या चतुर्थीला अजून दहा महिने अवकाश आहे. कारखान्यांतले साचे धुऊन झाले की नव्या मूर्तींचे काम सुरूच होते.